सहाय्यक प्रशिक्षकाच्या व्हिसलपासून क्रीडा संचालकाच्या खुर्चीपर्यंत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही अमेरिकेत स्पोर्ट्स मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करताय, सोबत कॉलेजच्या फुटबॉल संघात ग्रॅज्युएट असिस्टंट आहात आणि मे महिन्यात पदवी हातात येईल. पुढे कधीतरी ॲथलेटिक डायरेक्टर व्हायचं मनात आहे. सध्या दोन कामं मिळण्यासारखी आहेत. एक बड्या विद्यापीठात, दिवसभर व्हिडिओ पाहून विश्लेषण करणाऱ्या ॲनालिस्टचं. दुसरं एका छोट्या डिव्हिजन टू, म्हणजे दुसऱ्या स्तरावर खेळणाऱ्या, कॉलेजात असिस्टंट कोचचं. तिथे सामन्यांच्या आयोजनाचं आणि थोडं कचेरीचं कामही तुमच्याकडेच असेल. कोचिंगमधून त्या खुर्चीपर्यंत आजही पोचता येतं का, कोचिंगमध्ये घालवलेली वर्षं पुढे उपयोगी पडतात का, आणि यातलं कोणतं काम घ्यावं, हे तुम्हाला हवंय.

मी मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठाच्या क्रीडा विभागात बरीच वर्षं कंप्लायन्सचं, म्हणजे नियमपालनाचं काम करतो आहे. कोच, त्यांचे असिस्टंट आणि त्यांच्या डोक्यावरचे साहेब या तिघांचे कागद माझ्या टेबलावरून जातात. त्या अनुभवावरून आधी सरळ उत्तर देतो. पोचता येतं. पूर्वीपेक्षा अवघड झालंय, पण येतं. कोचिंगमधली वर्षं वायाही जात नाहीत. मात्र ती वर्षं एक सवय अंगी मुरवतात, हेड कोचशी निष्ठेची, आणि त्या खुर्चीत बसल्यावर नेमकी हीच सवय अडचणीची ठरते. बाकीचं सगळं शिकता येतं. माणूस टिकतो की पडतो ते या एका ठिकाणी ठरतं, म्हणून उत्तराचा मोठा भाग त्यावरच खर्च करणार आहे.

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. आणि ॲथलेटिक डायरेक्टर म्हटल्यावर आपल्याकडच्या कॉलेजातले शारीरिक शिक्षण संचालक डोळ्यांसमोर आणू नका. आपले सर मैदान आखून घेतात, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना संघ नेतात, प्रवासभत्त्यासाठी प्राचार्यांच्या मागे लागतात आणि बऱ्याचदा वर्गावर शिकवतातही. इथला ए.डी. म्हणजे एका मोठ्या उद्योगाचा प्रमुख. ओहायो स्टेट विद्यापीठाचंच घ्या: ३६ खेळ, एक हजाराहून जास्त खेळाडू, लाखाहून अधिक माणसं बसतील असं स्टेडियम, आणि २०२१-२२ या एका वर्षात क्रीडा विभागाचं उत्पन्न २५ कोटी डॉलरच्या वर. त्यातला सिंहाचा वाटा फुटबॉलचा. तलवारबाजी, नेमबाजी, महिलांची नौकानयनाची टीम, सगळ्यांचा खर्च त्याच पैशातून निघतो. त्यामुळे फुटबॉलचा हेड कोच कागदावर ए.डी.च्या हाताखालचा असला तरी पगाराने, प्रसिद्धीने आणि देणगीदारांमधल्या वजनाने त्याच्यापेक्षा मोठा असतो. हे उलटं नातं नीट लक्षात ठेवा.

आता असिस्टंट कोच. तुम्ही त्याच कामात आहात, पण वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो. याचं काम मैदानावर दिसतं त्याच्या दसपट मैदानाबाहेर असतं. सत्तरच्या दशकात शनिवारचा सामना १६ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित व्हायचा, रातोरात धुऊन यायचा, आणि रविवारी असिस्टंट मंडळी अंधाऱ्या खोलीत प्रोजेक्टर पुढे-मागे फिरवत एकेका चालीची नोंद करत बसायची. प्रतिस्पर्धी संघ आपसात फिल्मची देवाणघेवाण करत. आज तेच काम लॅपटॉपवर होतं, तास मात्र कमी झालेले नाहीत. उरलेल्या वेळात रिक्रूटिंग. आमच्याकडे असिस्टंट कोचांची प्रवासाची बिलं येतात, त्यांत एका माणसाचा अख्खा आठवडा वाचता येतो: कुठल्या गावची कुठली शाळा, कुठून कुठवर भाड्याची गाडी, मग दुसऱ्याच राज्यातलं एक घर. त्या घरात तो मुलाच्या आईसमोर बसतो आणि तुमचा मुलगा आमच्याकडे का यावा, हे तासभर समजावतो. आईचे प्रश्न खेळाबद्दल नसतात. अभ्यासाचं काय, दुखापत झाली तर काय, घरची आठवण येऊन हा खचला तर कोण बघणार, असे असतात. या प्रश्नांना रोज उत्तरं देणारा माणूस पुढे देणगीदारासमोर किंवा विद्यापीठाच्या विश्वस्तांसमोर बसला तर गांगरत नाही. कोचिंगमधून मिळणारी मोठी कमाई मला विचाराल तर ही आहे.

दुसरी कमाई अस्थिरतेची. असिस्टंटचं भविष्य हेड कोचच्या हातात असतं. हेड कोच गेला की नवा येतो आणि बहुतेक वेळा आपली माणसं घेऊन येतो. घर विकायचं, मुलांच्या शाळा बदलायच्या, नव्या गावी पुन्हा पहिल्यापासून. जो हे सोसतो तो ज्याने आपल्याला सोबत घेतलं त्या हेड कोचला दैवत मानतो. मानणारच. त्याचं घर त्या माणसामुळे चालतं.

आणि एक दिवस हाच असिस्टंट ए.डी. होतो.

या प्रवासात काय घडू शकतं हे बघायचं तर ह्यू हिंडमन यांची कारकीर्द समजून घ्या. आज फार कुणाला हे नाव माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं. हिंडमन ओहायोतल्याच मायामी विद्यापीठात वुडी हेज यांच्या हाताखाली खेळले. हेज पुढे ओहायो स्टेटचे हेड कोच झाले, आणि साठच्या दशकात हिंडमन तिथे त्यांचे असिस्टंट म्हणून रुजू झाले. १९६८ साली ओहायो स्टेट अपराजित राहून राष्ट्रीय विजेता ठरला, त्या प्रशिक्षकवर्गात ते होते. त्यानंतर मैदान सोडून क्रीडा विभागाच्या कचेरीत गेले, सहयोगी संचालक झाले आणि १९७७ मध्ये ए.डी. झाले. म्हणजे ज्याच्यासाठी खेळले, ज्याच्या हाताखाली घाम गाळला, त्याच हेज यांचे ते साहेब झाले. हेज तोवर ओहायोत नुसते कोच राहिले नव्हते. १९५१ पासून ते त्या पदावर होते, पाच राष्ट्रीय विजेतेपदं त्यांच्या नावावर होती आणि कारकीर्द संपेपर्यंत तिथले विजय २०५ झाले. त्यांचा संताप जगजाहीर होता आणि तोही लोकांनी त्यांच्या मोठेपणाचा भाग म्हणून पोटात घातला होता.

२९ डिसेंबर १९७८. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहरात गेटर बाउलचा सामना (बाउल म्हणजे हंगाम संपल्यावर निवडक संघांमध्ये होणारा मानाचा सामना), समोर क्लेमसन विद्यापीठाचा संघ. शेवटची काही मिनिटं उरलेली, ओहायो स्टेट १७-१५ ने मागे. आर्ट श्लिस्टर हा पहिल्या वर्षाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, चाल चालवणारा खेळाडू. त्याचा पास क्लेमसनच्या चार्ली बाउमनने मधेच पकडला आणि धावत नेमका ओहायो स्टेटच्या बाजूला, हेज यांच्यासमोर मैदानाबाहेर गेला. हेज यांनी त्या मुलाच्या मानेवर ठोसा मारला. दूरचित्रवाणीवर सामना सुरू होता. पासष्ट वर्षांच्या कोचने प्रतिस्पर्धी संघातल्या विद्यार्थ्याला मारलं, हे देशाने पाहिलं.

त्या रात्री हिंडमन विद्यापीठाचे अध्यक्ष हॅरल्ड एनारसन यांच्याशी बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी, संघ अजून जॅक्सनव्हिलमध्येच असताना, ते हेज यांना भेटले. राजीनामा देण्याची मुभा त्यांनी दिली. हेज यांनी ती नाकारली. काढायचंच असेल तर तू मला काढ, असा पवित्रा घेतला. हिंडमन यांनी काढलं.

त्यांच्याजागी स्वतःला बसवून बघा. ज्या माणसाने खेळायला शिकवलं, नोकरी दिली, ज्याच्यामुळे आपण या शहरात आहोत, त्याच्या खोलीत जाऊन त्याच्या २८ हंगामांची कारकीर्द एका वाक्यात संपवायची. दोन दिवस थांबता आलं असतं. चौकशी समिती नेमता आली असती, वयाचं कारण पुढे करून सन्मानाने निवृत्ती देता आली असती. ओहायोतल्या निम्म्या लोकांना तेच आवडलं असतं. हिंडमन यांनी संघ विमानात बसायच्या आत निर्णय घेतला, कारण मार खाल्लेला मुलगा विद्यार्थी होता. तो आपल्या विद्यापीठाचा नव्हता याने काही फरक पडत नव्हता. सहाय्यक प्रशिक्षकाचं प्रशासक म्हणून झालेलं रूपांतर मला कुणी एका प्रसंगात दाखवायला सांगितलं तर मी ही सकाळ दाखवीन.

त्यानंतर त्यांनी नेमणूक केली ती अर्ल ब्रूस यांची, जे १९६८ च्या त्याच प्रशिक्षकवर्गातले त्यांचे जुने सहकारी होते आणि तेव्हा आयोवा स्टेटचे हेड कोच होते. पहिल्याच हंगामात ब्रूस यांचा संघ ११ सामने जिंकून रोझ बाउलला गेला आणि तिथे सदर्न कॅलिफोर्नियाकडून १७-१६ असा एका गुणाने हरला. जुने हिशेब असे दोन्ही बाजूंनी लागतात: ज्या ओळखीपोटी हेज यांना काढताना हिंडमन यांना सर्वांत जास्त त्रास झाला असेल, त्याच ओळखीतून कुणावर भरवसा टाकायचा हेही त्यांना कळलं.

याच खुर्चीतली आणखी एक गोष्ट आहे, तीही सांगतो. हिंडमन यांच्यानंतर आलेले रिक बे मुळात कुस्तीचे कोच. नोव्हेंबर १९८७ मध्ये विद्यापीठाच्या अध्यक्षांनी त्यांना ब्रूस यांना काढायला सांगितलं, तेही मिशिगनविरुद्धच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या सामन्याच्या आठवड्यात. बे यांना तो निर्णय अन्यायाचा वाटला. त्यांनी त्याबरोबर स्वतःचा राजीनामा दिला. खेळाडू त्या सामन्यात ब्रूस यांचं नाव लिहिलेल्या कपाळपट्ट्या बांधून उतरले आणि २३-२० जिंकले. कोचला काढणं एका वेळी योग्य असतं आणि दुसऱ्या वेळी कोचसाठी खुर्ची सोडणं योग्य असतं. दोन्हीकडे एकच प्रश्न विचारायचा: बरोबर काय आहे. माझा कोण आहे, हा प्रश्न दोन्हीकडे बाजूला ठेवायचा.

आता जीन स्मिथ. तुमच्या प्रश्नाला त्यांची कारकीर्द जास्त जवळची आहे, कारण ती आजच्या काळापर्यंत येते. स्मिथ क्लीव्हलंडचे. नोत्र दाम विद्यापीठात डिफेन्सिव्ह एंड म्हणून खेळले. ते पहिल्या वर्षाला असताना, १९७३ च्या हंगामात, नोत्र दाम राष्ट्रीय विजेता झाला. व्यवसाय प्रशासनाची पदवी घेतली आणि १९७७ मध्ये डॅन डिव्हाइन यांच्या हाताखाली तिथेच असिस्टंट कोच झाले. तो हंगामही विजेतेपदाचा. सुरुवातीलाच मिसिसिपीकडून हार, मग सदर्न कॅलिफोर्नियाविरुद्ध सराव निळ्या जर्सीत करून सामन्याला हिरव्या जर्सीत उतरलेला संघ, ४९-१९ असा विजय, आणि शेवटी कॉटन बाउलमध्ये टेक्सासचा ३८-१० असा पराभव. जो मोंटाना क्वार्टरबॅक. असं पहिलं वर्ष ज्याला मिळतं तो सहसा कोचिंग सोडत नाही.

स्मिथ यांनी १९८१ मध्ये सोडलं. आयबीएममध्ये विक्रीच्या कामाला लागले. पुढची दोनेक वर्षं ग्राहकाच्या दारात जाणं, किंमत सांगणं, नकार ऐकणं, करार लिहिणं. लोक त्यांच्या कारकिर्दीतली ही दोन वर्षं एका ओळीत उरकतात. मला तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटतात. कोचला पैसा कुठून येतो ते माहीत नसतं, त्याला फक्त कुठे कमी पडतो ते माहीत असतं. पैशाची दुसरी बाजू पाहिल्याशिवाय या खुर्चीत बसलेला माणूस प्रत्येक कोचच्या मागणीला हो म्हणत जातो, कारण त्याला ती मागणी आतून पटते.

१९८३ मध्ये ते ईस्टर्न मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडा विभागात आले आणि तिशीच्या आसपास तिथले ए.डी. झाले. विद्यापीठ छोटं, बाजूलाच काही मैलांवर बलाढ्य मिशिगन, आणि प्रेक्षक इतके कमी की १९८४ मध्ये त्यांच्या लीगने फुटबॉल सोडा नाहीतर आमची लीग सोडा, असा दबाव आणला होता. तिथून १९८७ मध्ये हा संघ लीगचा विजेता होऊन कॅलिफोर्निया बाउलला गेला आणि सॅन होजे स्टेटला ३०-२७ ने हरवून आला. छोट्या ठिकाणी तिकीट विकणारा, बसचं भाडं ठरवणारा, कोचशी भांडणारा आणि अध्यक्षांना उत्तर देणारा माणूस एकच असतो. स्मिथ ए.डी. म्हणून तिथे घडले.

१९९३ ते २००० आयोवा स्टेट. इथली एक गोष्ट थोडं थांबून सांगतो, कारण ती असिस्टंट कोचच्या डोळ्यांनी घेतलेल्या निर्णयाची आहे. १९९४ मध्ये आयोवा स्टेटचा फुटबॉल संघ ११ पैकी एकही सामना जिंकला नाही. एक बरोबरी, दहा पराभव. स्मिथ यांनी विस्कॉन्सिनहून डॅन मॅकार्नी यांना आणलं. ते तिथे असिस्टंट होते, हेड कोच म्हणून कधी काम केलेलं नव्हतं. पुढची पाच वर्षं अशी: तीन विजय, दोन विजय, एक विजय, तीन विजय, चार विजय. तिसऱ्या वर्षी एका विजयावर आल्यावर कुठल्याही ए.डी.ला बदलाचा मोह झाला असता, आणि देणगीदारांनी मान्यही केलं असतं. स्मिथ यांनी मॅकार्नी यांना ठेवलं. २००० साली संघाने नऊ सामने जिंकले, त्यांत इनसाइट डॉट कॉम बाउलमधला पिट्सबर्गवरचा ३७-२९ विजय, जो आयोवा स्टेटच्या इतिहासातला पहिलाच बाउल-विजय. तोवर स्मिथ ॲरिझोना स्टेटला गेलेले होते. संघ बांधला जातो आहे की नुसता हरतो आहे, हा फरक स्कोअरबोर्डवर दिसत नाही. तो मंगळवारच्या सरावात दिसतो, आणि ज्याने स्वतः मंगळवारचे सराव घेतले आहेत त्यालाच तो ओळखता येतो.

मार्च २००५ मध्ये स्मिथ ओहायो स्टेटला आले आणि ३० जून २०२४ ला तिथूनच निवृत्त झाले. एवढा काळ त्या खुर्चीत टिकणं हेच विरळ. पण या काळात त्यांच्यावर हिंडमन यांच्यासारख्याच कसोट्या आल्या, आणि त्या सगळ्यांत ते सारखेच उतरले असं मी म्हणणार नाही. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, म्हणूनच हे स्पष्ट लिहितो.

पहिली कसोटी २०११ ची. आदल्या डिसेंबरात पाच खेळाडूंवर कारवाई झाली होती: त्यांनी आपल्या अंगठ्या, जर्सी अशा वस्तू विकल्या किंवा टॅटूच्या बदल्यात दिल्या होत्या. नंतर उघड झालं की हेड कोच जिम ट्रेसल यांना एप्रिल २०१० पासूनच याची माहिती होती आणि त्यांनी ती विद्यापीठाला दिली नव्हती. मार्चमधल्या पत्रकार परिषदेत विद्यापीठाने दोन सामन्यांचं निलंबन आणि अडीच लाख डॉलर दंड एवढ्यावर भागवायचं ठरवलं. अध्यक्ष आणि ए.डी. दोघेही कोचच्या पाठीशी दिसले. मे महिन्याच्या शेवटी ट्रेसल यांना राजीनामा द्यावाच लागला. आमच्या कामात हे नेहमी दिसतं: नियम मोडण्यापेक्षा लपवण्याची शिक्षा मोठी असते, आणि ती लवकर ओळखण्याची जबाबदारी वरच्या माणसाची.

त्यापुढचा निर्णय जास्त वादाचा. त्या हंगामात संघ सहा जिंकून सहा हरला होता. विद्यापीठाने स्वतःहून त्याच वर्षी बाउल सामन्यावर पाणी सोडलं असतं तर शिक्षा तिथेच संपण्याची बरीच शक्यता होती. तसं झालं नाही. कॉलेज खेळांचं देशभर नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने डिसेंबर २०११ मध्ये पुढच्या, म्हणजे २०१२ च्या हंगामासाठी बाउलबंदी घातली. ओहायो स्टेट फ्लोरिडाविरुद्ध गेटर बाउल खेळला, २४-१७ ने हरला. आणि २०१२ मध्ये नवे कोच अर्बन मायर यांच्या संघाने बाराच्या बारा सामने जिंकले, तरी विजेतेपदासाठी खेळता आलं नाही. ज्यांनी नियम मोडला त्यातले बहुतेक तोवर गेलेले होते. किंमत मोजली ती नव्या मुलांनी. हा निर्णय चुकला असं माझं मत आहे.

दुसरी कसोटी २०१८ ची. मायर यांच्या एका असिस्टंट कोचवर घरगुती हिंसाचाराचे आरोप होते आणि ते प्रकरण कसं हाताळलं गेलं याची विद्यापीठाने चौकशी करवली. त्यातून मायर यांना तीन सामन्यांचं आणि स्मिथ यांना ३१ ऑगस्ट ते १६ सप्टेंबर असं बिनपगारी निलंबन झालं. ए.डी.लाच निलंबित करण्याची वेळ फार क्वचित येते. विचारायला हवा तो प्रश्न, विचारायला हवा त्या वेळी, आपल्याच विजयी कोचला विचारला गेला नाही. हिंडमन यांनी एका रात्रीत जे केलं ते इथे वेळेवर झालं नाही.

आणि तरी हेच स्मिथ. २०२० मध्ये साथीच्या काळात प्रेक्षकांविना हंगाम गेला, उत्पन्न आटलं, त्यांच्याच लीगमधल्या आयोवा आणि मिनेसोटा विद्यापीठांनी काही खेळ कायमचे बंद केले. ओहायो स्टेटने ३६ पैकी एकही बंद केला नाही. नौकानयन करणाऱ्या एखाद्या मुलीच्या दृष्टीने हा निर्णय कुठल्याही विजेतेपदाहून मोठा आहे. मायर गेल्यावर त्यांनी रायन डे यांना बढती दिली, म्हणजे पुन्हा एका असिस्टंटलाच, ज्याने हेड कोच म्हणून तीन सामन्यांपुरता हंगामी कारभार केला होता. डे यांनी जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, अंतिम सामन्यात ३४-२३ ने, तेही स्मिथ यांच्याच नोत्र दामविरुद्ध. तेव्हा स्मिथ यांना निवृत्त होऊन अर्धं वर्ष झालं होतं.

खेळाडूंच्या पैशाबद्दलही त्यांची कारकीर्द बोलकी आहे. २०१४ मध्ये लोगन स्टीबर या ओहायो स्टेटच्या कुस्तीगिराने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं तेव्हा करारातल्या तरतुदीनुसार स्मिथ यांना १८,००० डॉलरच्या वर बोनस मिळाला. नियमानुसार स्टीबरला तसं काही घेता येत नव्हतं. देशभर टीका झाली, आणि ती रास्त होती. पाच वर्षांनी एनसीएएने खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करू द्यावी का यावर कार्यगट नेमला, त्याच्या दोन सहअध्यक्षांपैकी एक स्मिथ होते. १ जुलै २०२१ पासून ती मुभा मिळाली. आता जून २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना वाटू शकतात.

म्हणूनच तुमची वाट पूर्वीपेक्षा अवघड झाली आहे. हा पैसा आल्यापासून अध्यक्ष मंडळी वकील, वित्तक्षेत्रातले लोक, व्यावसायिक क्लब चालवलेले लोक शोधतात. नुसता कोच त्यांना अपुरा वाटतो. हेड कोच असाल तर नावावर निभावतं. विस्कॉन्सिनचे बॅरी अल्वारेझ आधी आयोवा आणि नोत्र दाममध्ये असिस्टंट, मग १६ हंगाम हेड कोच आणि २००४ पासून २०२१ पर्यंत ए.डी. असे गेले. असिस्टंटला ती पुण्याई नसते. त्याला मधला जिना स्वतः बांधावा लागतो.

तो कसा, तर पुढची तीन-चार वर्षं कोचिंग सुरू ठेवून विभागाच्या अंदाजपत्रकाशी स्वतःला जोडून घ्या. एखाद्या खेळाचं, शक्यतो महिलांच्या खेळाचं, वर्षभराचं अंदाजपत्रक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत हाताळलेलं असू द्या. शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी घालणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने खर्च आणि संधी कशा वाटल्या जातात हे त्यातून जितकं कळतं तितकं कुठल्या वर्गात कळत नाही. कंप्लायन्सच्या माणसाशी मैत्री करा, त्याला शत्रू समजू नका. देणगी गोळा करणाऱ्यांबरोबर दोन-चार भेटींना जा आणि गप्प बसून ऐका. आणि तुमच्या हेड कोचचं काही खटकलं तर ते त्याच्या तोंडावर, बंद दाराआड, आदराने सांगायची सवय आत्तापासून लावा. पंचविशीत जो हे एकदाही करत नाही तो पन्नाशीत अचानक करू शकेल, यावर माझा विश्वास नाही.

तुमच्याबाबतीत व्हिसाही आहे, तो विसरू नका. स्पोर्ट्स मॅनेजमेंट साधारणपणे स्टेमच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या, यादीत बसत नाही, म्हणजे ओपीटीचं, पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावर काम करण्याच्या मुभेचं, एकच वर्ष हातात असतं. विद्यापीठांना आणि कॉलेजांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीतून जावं लागत नाही, ही मोठी सोय आहे. पण निव्वळ कोचच्या पदासाठी ठरावीक विषयाचीच पदवी लागते हे दाखवणं कठीण जातं. कामात वित्त, नियमपालन किंवा आयोजनाचा ठोस भाग असेल तर अर्ज तुलनेने भक्कम होतो. ऑफर स्वीकारण्याआधी कॉलेजच्या एचआरला आणि इमिग्रेशन वकिलाला लेखी विचारा, कारण या बाबतीतले नियम सारखे बदलताहेत.

मी तुमच्या जागी असतो तर छोट्या कॉलेजचं काम घेतलं असतं. बड्या विद्यापीठात तुम्ही स्क्रीनसमोर बसाल, नाव मोठं मिळेल, आणि तीन वर्षांनी एका हेड कोचच्या मर्जीवर अवलंबून असलेले असे कित्येक ॲनालिस्ट असतील त्यांतले एक असाल. छोट्या ठिकाणी शनिवारी सकाळी तिकीटखिडकी उघडली की नाही, पंचांचे चेक तयार आहेत का, रुग्णवाहिका आली का, पाहुण्या संघाची बस कुठे लावायची, हे सगळं तुम्ही बघाल आणि दुपारी बाजूच्या रेषेवर उभे राहून कोचिंगही कराल. पगार कमी असेल. ऑफर लेटरमध्ये मात्र आयोजनाची जबाबदारी पदनामासकट लिहून घ्या, तोंडी आश्वासनावर राहू नका. आणि मुलाखतीत तिथल्या ए.डी.ला विचारा की गेल्या वर्षी त्यांनी कोणत्या कोचला कशासाठी नाही म्हटलं. त्यांच्याकडे सांगण्यासारखं उत्तर असेल तर त्यांच्या हाताखाली जा.